कुत्र्याचं शेवटचं दुखणं : आतकूरच्या दगडापासून आपल्या दारापर्यंत

या गप्पांमध्ये आपण गड पाहिले, लढाया पाहिल्या, तह आणि दुष्काळही पाहिले. आज जरा वेगळा प्रश्न घेते. म्हातारं झालेलं, दुखण्यानं खिळलेलं, मरणाला टेकलेलं कुत्रं घरात असेल तर माणसानं काय करायचं? आणि आपल्या आधीच्या माणसांनी काय केलं?

कुणी म्हणेल, यात कसला इतिहास? आहे, आणि चांगला जुना आहे. फक्त तो विखुरलेला आहे. एक तुकडा म्युझियममध्ये, एक महाभारतात, एक साताऱ्याजवळच्या नदीकाठी आणि एक मुंबईच्या परळला. आज हे तुकडे एकत्र मांडू. आमच्याच घरात हा प्रश्न उभा राहिला म्हणून मी वाचायला लागले. त्याबद्दल पुढे सांगेनच.

मी राहते बोम्मसंद्राला, म्हणजे बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला, होसूर रोडवर. गावाच्या नावातलं ‘संद्र’ हे ‘समुद्र’चं बोलीतलं रूप, अर्थ मोठा तलाव. आता तलावापेक्षा कारखाने जास्त दिसतात. 10 ऑगस्ट 2025 ला पिवळ्या मेट्रोचं उद्घाटन झालं आणि आमचं गाव तिचं शेवटचं स्टेशन झालं. तिथून आर. व्ही. रोडला हिरवी लाइन घ्या, मॅजेस्टिकला जांभळी घ्या आणि कब्बन पार्कला उतरा. जवळच कस्तुरबा रोडवर लाल रंगाची सरकारी म्युझियमची इमारत आहे. हे म्युझियम 1865 पासूनचं. त्याच्या संग्रहात एक शिलालेख आहे, आतकूरचा. आजच्या गोष्टीचा पहिला तुकडा हाच.

वीरगळ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. लढाईत किंवा गाईगुरं सोडवताना जो मेला, त्याच्या नावानं गावानं उभारलेला दगड. आमच्या भागात असे पुष्कळ आहेत. इथून फार लांब नसलेल्या बेगूरच्या देवळात सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. ‘बेंगळुरू’ हे नाव पहिल्यांदा सापडतं ते तिथेच, तेही एका लढाईच्या उल्लेखात. पण आतकूरचा दगड माणसासाठी नाही. तो एका शिकारी कुत्र्यासाठी आहे, आणि त्या कुत्र्याचं नाव काळी.

आतकूर हे मंड्या जिल्ह्यातलं गाव. लेखावर शके 872 आहे, म्हणजे इसवी सन 949-50. तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचं होतं. वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या काळात झालं तेच हे घराणं. राजा तिसरा कृष्ण. त्याचा मेहुणा आणि मांडलिक म्हणजे गंग घराण्यातला दुसरा बूतुग. तक्कोलमच्या लढाईत यांनी चोळांचा पराभव केला आणि चोळ राजपुत्र राजादित्य तिथे मारला गेला. त्या लढाईत बूतुगाचा मनलेर नावाचा सरदार फार शौर्यानं लढला. बूतुग खूश होऊन म्हणाला, काय हवं ते माग. आता असा सरदार काय मागेल? गाव, घोडे, सोनं. मनलेरानं मागितलं ते काळी नावाचं कुत्रं, आणि बूतुगानं ते दिलं.

पुढे केळले भागात, बेळतूर गावाच्या पश्चिमेच्या टेकडीवर, त्या कुत्र्याला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं. दोघं एकमेकांना भिडले आणि दोघंही मेले. दगडावर ही झुंज कोरलेली आहे. मनलेरानं आतकूरला चल्लेश्वराच्या देवळासमोर हा दगड उभा केला आणि त्याच्या पूजेसाठी दोन खंडुग जमीन दिली. खंडुग हे धान्याचं माप, आपल्या खंडीसारखंच, त्यावरून जमीन मोजायची.

इथपर्यंत गोष्ट शौर्याची आहे. मला थांबवलं ते शेवटच्या अटीनं. जो गोरव, म्हणजे शैव पुजारी, ती जमीन खाईल, त्यानं आधी या दगडाची पूजा करायची आणि मगच जेवायचं. पूजा न करता जेवला तर त्या कुत्र्यानं केलेलं पाप त्याच्या माथी. हजार वर्षांपूर्वीच्या एका सरदाराला पुरतं ठाऊक होतं की मेलेल्या कुत्र्याची आठवण लोक आठवडाभर ठेवतात आणि मग विसरतात. म्हणून त्यानं ती रोजच्या जेवणाला बांधून ठेवली.

पण मंडळी, काळी धडधाकट असताना, झुंजीत मेली. आपला प्रश्न तो नाही. जे कुत्रं आता कामाचं उरलेलं नाही, त्याचं काय?

त्यासाठी पार मागे, जर्मनीत जावं लागतं. 1914 साली बॉन शहराजवळच्या ओबरकासेल इथे दगडाच्या खाणीत एक दफन सापडलं. एक पुरुष, एक तरुण स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याची हाडं. काळ सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीचा. शेती नाही, गाव नाही, शिकारीवर जगणारी माणसं. शंभर वर्षांनी संशोधकांनी त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले. ते 2018 साली प्रसिद्ध झालं. दातांच्या लुकणावर विशिष्ट आडव्या खुणा होत्या, डिस्टेंपर झालेल्या पिल्लांत दिसतात तशा. ज्यांनी कुत्रं पाळलंय त्यांना हा रोग माहीत आहे. उलट्या, जुलाब, ताप, झटके. सुमारे सात महिन्यांचं ते पिल्लू मरण्याआधी कित्येक आठवडे पुन्हा पुन्हा आजारी पडत होतं. कुणी पाणी पाजलं नसतं, ऊब दिली नसती, घाण पुसली नसती, तर इतकं जगलंच नसतं. संशोधकांचं म्हणणं हेच की ज्याचा शिकारीला शून्य उपयोग होता, अशा पिल्लाची माणसं आठवडेच्या आठवडे शुश्रूषा करत होती.

माणूस आणि कुत्रा यांच्या सोबतीचे जे अगदी सुरुवातीचे पुरावे आहेत, त्यातला हा एक. आणि त्यात शिकार नाही, राखण नाही, तर आजारपण आहे. आपल्याकडेही काश्मीरमधल्या बुर्झहोमला, नवाश्मयुगातल्या वस्तीत, माणसांबरोबर कुत्री पुरलेली सापडली आहेत. ती कशी मेली ते हाडं सांगत नाहीत. ती फेकून दिली नव्हती, एवढं नक्की.

आता महाभारत. ते एका कुत्र्यानं सुरू होतं असं म्हटलं तरी चालेल. जनमेजयाच्या यज्ञात एक पिल्लू येतं, राजाचे भाऊ त्याला विनाकारण मारतात, आणि त्याची आई सरमा येऊन जाब विचारते, याचा अपराध काय? उत्तर नसतं, म्हणून ती शाप देते. आणि शेवटी महाप्रस्थान. द्रौपदी पडते, भाऊ एकेक पडतात, धर्मराज मागे वळून पाहत नाही. पण इंद्र जेव्हा म्हणतो की कुत्र्याला सोड आणि रथात बस, तेव्हा तो अडून बसतो. जो आसऱ्याला आला त्याला टाकणं हे मोठं पाप, असं त्याचं म्हणणं. लहानपणी आपण ही गोष्ट धर्मराजाची परीक्षा म्हणून ऐकतो. घरात म्हातारं कुत्रं असलं की ती वेगळी ऐकू येते. धर्मराज त्या कुत्र्याला वाचवत नाही, बरं करत नाही. तो फक्त त्याला सोडून पुढे जात नाही.

आता आपल्या मुलखात येऊ. कुत्र्याची समाधी म्हटली की मराठी माणसाला रायगडावरचा वाघ्या आठवतो. महाराजांच्या चितेत त्यानं उडी घेतली, अशी ती कथा. तो पुतळा 1936 सालचा, होळकरांच्या देणगीतून झालेला. शिवकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा पुरावा नाही, असं अभ्यासक सांगतात, आणि त्यावरून वाद झाले. 2012 साली पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला, 2025 मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. त्या वादात आज मी जात नाही. मला कथेचा आकार दाखवायचाय. या कथेत कुत्रा धन्यासाठी मरतो. आपल्या बहुतेक कुत्र्यांच्या गोष्टी अशाच असतात. धनी कुत्र्यासाठी बसून राहिला, अशा गोष्टी शोधाव्या लागतात.

एक सापडते साताऱ्याला. थोरले शाहू महाराज, म्हणजे संभाजी महाराजांचे चिरंजीव. त्यांच्या एका लाडक्या कुत्र्यानं, खंड्यानं, वाघाच्या शिकारीत त्यांचा जीव वाचवला. ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय की महाराजांनी त्या कुत्र्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला आणि पालखीचा लवाजमा खरोखर चालूही राहिला. एकदा तर दरबारात कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घालून आपलं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं. डफसाहेब हे सगळं महाराजांच्या ढळलेल्या मनाची लक्षणं म्हणून सांगतो. पण संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. माझ्या सासूबाई साताऱ्याच्या, त्यांनी ती लहानपणापासून पाहिलेली. त्या म्हणतात, “जीव वाचवला त्याला जन्मभर खायला घातलं, यात वेड कसलं?” मला सासूबाईंचं पटतं. जहागिरीचा अर्थ साधा आहे. काम संपलं तरी पोटाची सोय राहील.

आता मुंबई. 1832 साल. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी नियम आधीपासून होता, पण त्या वर्षी मुदत वाढवली आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. मग काय, पैशासाठी लोकांच्या दारातली कुत्रीही उचलली जायला लागली. 6 जूनला पारशी लोक चिडले आणि कुत्री मारणाऱ्या शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. जैन, हिंदू, मुसलमान व्यापारीही त्यात आले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचं पावाचं आणि मांसाचं सामान अडलं. इतिहासात याला ‘कुत्र्यांचा दंगा’ म्हणतात. त्यानंतर दोनच वर्षांत, 1834 साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली. पुढे 1883 मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावानं जनावरांचं इस्पितळ सुरू झालं आणि 1886 साली तिथेच पशुवैद्यक कॉलेज आलं. आजही मुंबईकर त्याला ‘परळचं बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात, आणि आजारी कुत्री घेऊन माणसं तिथे रांगेत उभी असतात.

इथे दोन वाटा फुटतात, त्या नीट पाहा. पांजरपोळीची वाट सांगते, जीव आपण दिला नाही, तर घ्यायचाही नाही. चारा-पाणी द्यायचं, नैसर्गिक मरण येऊ द्यायचं. डॉक्टरकीची वाट सांगते, बरं होणार नाही आणि यातना थांबत नाहीत, तर शांतपणे संपवणं हीसुद्धा सेवा आहे.

या दोन वाटा एकमेकांना थेट भिडल्या त्या साबरमती आश्रमात, 1928 साली. एक वासरू जायबंदी होऊन पडलं होतं. कूस बदलता येत नव्हती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. गांधीजींनी विचार केला, आश्रमातल्या लोकांशी बोलले आणि इंजेक्शन देऊन त्याला मरण द्यायला लावलं. देशभर गदारोळ झाला. अहिंसेचा पुजारी आणि वासराला मारतो! त्यांनी लेख लिहून उत्तर दिलं. त्याचा मतितार्थ असा, की आपल्या रागासाठी किंवा स्वार्थासाठी जीव घेणं ही हिंसा. ज्याच्या यातना दुसऱ्या कशानंच कमी होत नाहीत, त्याच्या भल्यासाठी केलेली गोष्ट ही हिंसा नाही. आणि वासराच्या जागी माणूस असता तर, या प्रश्नालाही ते बगल देत नाहीत. पण अट कडक आहे. सेवा करून करून संपली पाहिजे. सेवेचा कंटाळा आला, हे कारण चालत नाही.

पुढे हाच विचार कायद्यात उतरला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून 1960 चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. त्यात स्पष्ट आहे की काही वेळा जनावराला जिवंत ठेवणं हाच क्रूरपणा असतो, आणि तेव्हा त्याला विनायातना मरण देता येतं. भटक्या कुत्र्यांसाठीच्या 2001 च्या नियमांत एक छोटं वाक्य होतं, ते मला फार मोठं वाटतं. असाध्य आजारी कुत्र्याला पशुवैद्यानं मरण द्यायचं, पण दुसऱ्या कुत्र्याच्या देखत नाही. नियम लिहिणाऱ्या कुणाला तरी जाणवलं होतं की बाजूचं कुत्रंही पाहत असतं.

आता आमच्या घरचं सांगते. आमच्या कुत्र्याचं नाव करिया, कन्नडमध्ये काळ्या. कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन त्याला सांबार-भात घालायचे, नाव त्यांचंच. तेरा वर्षं आमच्याकडे होता. गेल्या वर्षी मूत्रपिंडं निकामी होत गेली. डॉक्टरांनी कातडीखाली सलाइन द्यायला शिकवलं. मागचे पाय गेले तेव्हा पोटाखालून टॉवेल घालून आम्ही त्याला उचलायचो. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर हाडांवर जखमा होतात. नाचणीची पातळ पेज बोटानं चाटवायची.

आणि घरात दोन पक्ष पडले. नवरा म्हणायचा, त्याचे हाल थांबवू. सासूबाई म्हणायच्या, “मुक्या जिवाला सुई टोचून मारणार? त्यानं काय वाईट केलं तुमचं?” दोघांचंही त्याच्यावर तितकंच प्रेम, म्हणूनच भांडण जास्त. मी इतिहास वाचत होते तो त्यामुळे. दोघांच्या मागे शेकडो वर्षांची परंपरा उभी आहे हे कळल्यावर एक झालं. कुणी निर्दय नाही आणि कुणी भाबडं नाही, हे तिघांनाही दिसलं.

मग आम्ही डॉक्टरांनी दिलेला तक्ता भिंतीवर लावला. अमेरिकेतल्या पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी 2004 च्या सुमारास ही पद्धत मांडली. सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. दुखणं किती आटोक्यात, खातो का, पाणी पोटात जातं का, अंग स्वच्छ राहतं का, कशात आनंद घेतो का, हलता येतं का, आणि चांगले दिवस वाईट दिवसांपेक्षा जास्त आहेत का. रोज रात्री तिघांनी वेगवेगळे गुण लिहायचे. सासूबाई आधी भरपूर गुण द्यायच्या. हळूहळू त्यांचेही आकडे खाली आले. आम्ही कुणी त्यांना समजावलं नाही. रोज नीट पाहायला लागलं की दिसतं.

हा भाग रेकॉर्ड झाला तेव्हा करिया होता. पुस्तकासाठी मजकूर नीट करताना तो नाही. सलग चार दिवस त्यानं पेज चाटली नाही, पाणी उलटत होतं, हात लावला तरी कण्हायचा. पाचव्या दिवशी सकाळी सासूबाईच म्हणाल्या, “बोलवा डॉक्टरांना. पण घरी बोलवा, आणि मी बाहेर जाणार नाही.” डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं औषध दिलं, मग दुसरं. सासूबाईंचा हात त्याच्या कपाळावर होता. दहा मिनिटंही लागली नाहीत.

हाच निर्णय सगळ्यांनी घ्यावा, असं मी म्हणत नाही. काही कुत्री झोपेत शांतपणे जातात, त्यांना तसंच जाऊ द्यावं. मात्र या सगळ्या इतिहासातून दोन-तीन कामाच्या गोष्टी हाती लागतात, त्या सांगते.

एक, पळून जायचं नाही. रोज कुठे ना कुठे म्हातारी, आजारी कुत्री दूरच्या रस्त्यावर सोडली जातात. आमच्या औद्योगिक वसाहतीत गळ्यात पट्टा असलेली, आंधळी झालेली कुत्री मी स्वतः पाहिली आहेत. धर्मराज जे करत नाही, ते हेच.

दोन, आपल्या डब्यातली औषधं द्यायची नाहीत. माणसाची वेदनाशामक गोळी, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक असते. कळवळ्यापोटी दिलेली गोळी यातना वाढवते. वेदनेची कुत्र्यांसाठी वेगळी औषधं असतात, ती पशुवैद्याकडूनच घ्या.

तीन, सवड काढावी लागते. उद्योगपती सुहेल सेठ यांनी सांगितलेली एक आठवण आहे. 2018 साली बकिंगहॅम राजवाड्यात प्रिन्स चार्ल्स यांच्या हस्ते रतन टाटांचा सत्कार ठरला होता. टाटा गेलेच नाहीत. टँगो आणि टिटो या त्यांच्या कुत्र्यांपैकी एक फार आजारी होता, त्याला सोडून येणार नाही, असं त्यांनी कळवलं. राजवाड्याचं आमंत्रण आपल्याला येत नाही, पण ऑफिसची एक सुट्टी आपल्या हातात असते. कुत्र्याच्या शेवटच्या दिवसासाठी ती मागायला लाजू नका.

आणि बेंगळुरूला आलात तर तो आतकूरचा दगड पाहायला विसरू नका. लेख जुन्या कन्नडमध्ये आहे, वाचता येणार नाही, हरकत नाही. त्यातली अट तेवढी लक्षात ठेवा. आधी त्याचं, मग आपलं जेवण. काळीच्या बाबतीत ती अट मेल्यानंतर लागू झाली. आपल्या दाराशी जो म्हातारा, दमलेला जीव पडलाय, त्याच्यासाठी ती आज दुपारपासूनच पाळता येईल.

पुढच्या भागात बैलांकडे वळू आणि पोळ्याच्या सणात म्हाताऱ्या बैलाला काय स्थान होतं ते पाहू.